पुसून घेतलेली नदी

पाटबंधारे खात्यातल्या त्या साहेबांचं नाव मी विचारलं नाही, विचारावंसं वाटलंही नाही. बसायच्या आधी खुर्ची आणि चहाच्या आधी कपाची कड रुमालानं पुसणारा असला माणूस मी दुसरा बघितला नाही. कोल्हापुरातल्या एका शेडमध्ये त्यांनी पंचगंगेचं सिमेंटचं मॉडेल बांधलं होतं. गाळ कुठं साचतो आणि पुराचं पाणी कुणाच्या दारात शिरतं, हे बघायला त्यात महिनोन्‌महिने गढूळ पाणी सोडलं होतं. आमचं घर काठावरच, म्हणून मी मुद्दाम बघायला गेलो. बघतो तर नदी लख्ख!

"साहेब, गाळ कुठं हाय?"

"उद्या मंत्री येणार हायत की! सगळी घाण पुसून घेतली."

"आणि त्याची मापं? ती घेतली का आधी?"

"घेऊ की परत. गाळ कुठं पळून जातोय, पावणं?" म्हणत त्यांनी पात्रावरून बोट फिरवलं आणि तेही रुमालाला पुसलं.

खरंच, गाळ कुठं पळाला नाही. पुढच्या पुरात तो आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर साचला. फावड्यानं ओढताना वाटलं, रुमाल घेऊन या म्हणून साहेबांना निरोप धाडावा. पण आमच्याकडं मंत्री कुठं येणार होते?