किशनरावांच्या नखांवरची सूर्यफुलं

किशनरावांना बसता येत नसे. म्हणजे बसायला त्यांची ना नव्हती, पण ते बसले की झोपत. भोकरपासून जवळच्या आपल्या गावात ते कोंबड्यांच्याही आधी उठत, घरोघरचं दूध गोळा करत, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून भोकरात रतीब घालत, दुपारी घरी येऊन जनावरांचं बघत आणि दिवस कलला की पुन्हा तीच फेरी. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळचं दूध घालूनच ते मांडवात आले होते. मंगलाष्टकं चालू असताना त्यांना उभ्या उभ्या डुलकी लागली. अंतरपाटापलीकडून घुर्रघुर्र आवाज आला तेव्हा अयोध्याबाईंना वाटलं, नवरा मंत्र पुटपुटतोय. माणूस धार्मिक दिसतोय म्हणून त्या खूश झाल्या. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी तोच मंत्र ऐकला.

त्यांची एकुलती लेक शिल्पा दहावीला होती. अभ्यास करून उरलेल्या वेळात ती मोबाइलवर बघून घरच्या घरी काहीबाही बनवायची, आणि तिचा अभ्यास करून वेळ बराच उरायचा. किशनरावांच्या जुन्या लुंगीचे तिने केसांना बांधायचे झालरीचे रबर केले. शर्टाची बटणं तिच्या कानात गेली आणि किशनराव छातीवर टाचण्या लावून हिंडू लागले. एकदा कॅनच्या झाकणातली रबरी चकती तिला फार आवडली. तिच्यावर रेशमी धागा गुंडाळून तिने झकास कडं केलं. त्या दिवशी भोकरपर्यंतच्या रस्त्यावर दुधाची बारीक रेघ उमटली आणि तिच्यामागून गावातली चार कुत्री थेट बसस्टँडपर्यंत शिस्तीत चालत गेली.

मेंदी, नखांची नक्षी, वेण्या हे सगळं मात्र कुणावर तरी करून बघावं लागतं. अयोध्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला रान हाय, भाकरी हाय. तुझ्या पुढ्यात हात पसरून बसायला मी काय नवरी न्हाई." मैत्रिणी खिदळायच्या, हात हलवायच्या. न हलणारं माणूस घरात एकच होतं. दुपारी किशनराव ओसरीच्या खांबाला टेकले की शिल्पा रंगाच्या बाटल्या घेऊन शेजारी बसायची. एका रविवारी तिने त्यांच्या डाव्या हाताच्या पाचही नखांवर सूर्यफुलं काढली. टूथपिकने एकेक पाकळी, मधे तपकिरी ठिपके, आणि अंगठ्यावर जागा उरली म्हणून एक मधमाशीसुद्धा. उजवा हात तिने सोडला, कारण त्या हातात दुधाचं माप असतं.

किशनराव जागे झाले, त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ बघितला.

"जाणार कसं हे?"

"रंग पुसायची बाटली संपली पप्पा. जाईल हळूहळू. मोजा घाला की."

माघाची थंडी होती, गाडीवर हातमोजे असायचेच. किशनरावांनी मोजा घातला. रागावायला बरीच ताकद लागते आणि ती त्यांना संध्याकाळच्या फेरीसाठी राखून ठेवायची होती.

पुढच्या आठवड्यात शिल्पाचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे गेलं. पहाटेच्या वाऱ्याने ते फुटलं होतं, गालांवर भेगा पडल्या होत्या.

"आई, पप्पांचं तोंड बघ की. वाळल्या भेंडीवाणी झालंय."

"त्यांचं तोंड कोण बघतंय? गिऱ्हाईक मापाकडं बघतंय."

पण पोरीच्या मनाने घेतलं होतं. घरी देवणी जातीची एक गाय होती. तिचं दूध जेमतेम घरापुरतं. तिच्या दुधाची साय, बेसन, लिंबू आणि हळद असा लेप शिल्पाने कालवला. मोबाइलवरची बाई म्हणाली होती, चिमूटभर हळद, आणि तीसुद्धा रंग न सोडणारी तोंडाची हळद. शिल्पाच्या घरात अर्धापूरच्या बजरंगमामांच्या शेतातल्या नव्या हळदीची पिशवी पडली होती. घरची हळद, विकतची थोडीच, कंजुषी कशाला करायची? तिने दोन चमचे भरून घातली. खांबाला टेकलेल्या बापाच्या तोंडाला लेप फासला आणि पंधरा मिनिटांत धुवायचा म्हणून मैत्रिणीकडे फेव्हिकॉल आणायला गेली. मैत्रिणीकडे नवीन क्लिपा होत्या. अयोध्याबाई रानात होत्या. किशनराव उठले ते थेट संध्याकाळच्या फेरीच्या वेळी.

तोंड आटलेल्या तळ्यासारखं तडकलं होतं. त्यांनी उजव्या हाताच्या नखांनी ते खरवडलं आणि कपड्याच्या साबणाने घासलं. आधी ते कुंकवासारखं लाल झालं. घाबरून भरपूर पाणी मारलं, तेव्हा लाल उतरून पिवळं वर आलं आणि ते तिथेच मुक्कामाला राहिलं. तळवे पिवळे, उजव्या हाताची नखं पिवळी. अयोध्याबाई रानातून आल्या. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी या माणसाला हळदीत बघितलं.

"पहिल्यांदा बरे दिसत होताव," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी अंधारात निभावलं. सकाळी भोकरात नागाबाईंच्या दारात उजेड होता. नागाबाई म्हणजे त्या गल्लीचं वजन. त्यांनी ज्याची भाजी घेतली त्याची भाजी गल्ली घ्यायची. पातेलं पुढे करता करता त्या थांबल्या.

"किशनराव, तोंडाला काय झालंय?"

"ऊन लागलं, मावशी."

माघातल्या सकाळी, कानटोपी आणि हातमोजे घातलेला माणूस हे म्हणाला. नागाबाईंनी पातेलं मागे घेतलं. त्यांच्या धाकट्या दिराला ऐन उमेदीत काविळीने नेलं होतं. पिवळा रंग दिसला की त्यांना आधी तोच आठवायचा.

"कावीळ झालीय तुम्हाला. अन् कावीळ पाण्यातून होती." त्यांची नजर किशनरावांवरून घसरून कॅनवर गेली.

"मावशी, माझ्या दुधात पाणी न्हाई."

"मी कुठं म्हणले?" नागाबाई म्हणाल्या. "आज नको दूध. पाहुण्याकडं चाललोत."

पुढच्या घरी किशनराव पोचले तर तिथलेही पाहुण्याकडे निघाले होते. त्याच्या पुढचेही. नागाबाईंचा मोबाइल किशनरावांच्या गाडीपेक्षा पुढे पळत होता. स्टँडजवळचा चहावाला रेवणसिद्ध तेवढा जुना दोस्त. त्याने दूध घेतलं, पण हळूच म्हणाला, "मी उकळूनच घेतो वो, मला काय शक न्हाई. पण गिऱ्हाईक तुमचं तोंड बघून चहा न पिताच पळायलंय. उद्यापास्नं मागच्या दारानं या." मग त्याने कुठूनशी पाल्याच्या काड्या दोऱ्यात ओवलेली माळ काढून किशनरावांच्या गळ्यात घातली. "काविळीची हाय. कावीळ उतरंल तशी ही लांब होती. गुडघ्याला टेकली की खलास."

माळ घालून, भरलेले कॅन घेऊन किशनराव परत आले. अयोध्याबाईंनी चूल पेटवली आणि खवा आटवायला घेतला. दोन दिवस असेच गेले. अंगण खव्याच्या वासाने भरलं, शेजाऱ्यांकडे दह्याचे गडवे गेले, कुत्री आता स्टँडवर न जाता दारातच बसू लागली. पिवळा थोडा उतरला होता, पण जिथे उतरला तिथे किशनराव अधिकच आजारी दिसत होते. रतीब तुटला की पुन्हा बांधणं सोपं नसतं. पिशवीचं दूध दारात येतं, ते पिवळं पडत नाही आणि मापाआधी डुलक्याही काढत नाही. किशनरावांना दूध घालणं आणि झोपणं या दोनच गोष्टी येत होत्या. त्यातल्या दुसरीवर कुणी रोजगाराला लावून घेत नाही.

शिल्पा ताटातला घास नुसता चिवडत होती. "पप्पा, मी येते भोकरला. सगळ्यांला सांगते, मीच लेप लावला म्हणून."

"काय सांगणार?" किशनराव खांबाला टेकून म्हणाले. "दूधवाला तोंडाला साय लावून बसतो म्हणून? मंग म्हणतील, आमच्या दुधावर साय कामून येत न्हाई ते आज कळालं."

खोटं बोललं तर दुधात पाणी, खरं बोललं तर साय गायब. शिल्पा त्यांच्या गळ्यातली माळ चाचपू लागली. किशनरावांना वाटलं, पोरगी हळवी झाली. ती गाठी बघत होती.

"पप्पा, ही सरकती गाठ हाय. घालून हिंडलं की आपोआप सैल होती अन् माळ लांबती. कावीळ असो नसो."

"असू दे," किशनराव म्हणाले. "तुझ्या कड्याला कामाला येईल." आणि झोपले.

तिसऱ्या सकाळी नागाबाईंच्या दारात त्यांनी गाडी उभी केली. हॉर्न वाजवला नाही. पायरीवर बसावंसं वाटत होतं, पण बसलं की संपलं, म्हणून उभेच राहिले. नागाबाई बाहेर आल्या, हातात पातेलं नव्हतं.

"मावशी, कावीळ न्हाई मला. तुम्हीच तपासा."

"डोळे दाखवा." डोळे लाल होते, ते जन्मापासून झोपेअभावी लालच होते.

"तळवा." त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. तळवा पिवळा.

"नखं." उजव्या हाताची नखंही पिवळी. नागाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना खरं तर हा माणूस जगायला हवा होता. "दुसरा हात बघू. मोजा काढा."

किशनरावांनी इकडेतिकडे बघितलं. समोरच्या दोन दारांत बाया उभ्या होत्या. चुलीपुढची अयोध्या त्यांना आठवली, आणि घास चिवडत बसलेली पोरगी. त्यांनी मोजा काढला.

नागाबाई हातावर वाकल्या. मग आत जाऊन चष्मा घेऊन आल्या.

"हे काय हाय?"

"सूर्यफूल. अंगठ्यावर माशी हाय, मधाची."

"ते दिसतंय मला. कुणी केलं?"

"पोरीनं. मी झोपलेला असतो, तवा ती करती. तोंडाचंबी तिनंच केलं. घरची हळद जास्ती पडली." मग जे लपवायचं तेही त्यांनी सांगून टाकलं. "साय होती त्यात. घरच्या देवणी गाईची, तुमच्या दुधावरची न्हाई."

समोरच्या दारातून कुणीतरी फिसकन हसलं. नागाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आतून नातीची नखांचा रंग पुसायची बाटली आणि कापूस आणला. "बसा. कावीळ रंगाखालीबी असती, हळद नसती. खाली नख कसंय ते बघितल्याबिगर मी न्हाई मानणार. पाचही पुसते."

"एकच पुसा मावशी," किशनराव बसता बसता म्हणाले. "करंगळीचं. तिचा अख्खा रविवार गेलाय त्यात."

नागाबाईंनी करंगळीवरचं फूल पुसलं. खाली नख गुलाबी निघालं, तान्ह्या लेकराच्या नखासारखं. त्यांनी ते दाबलं, ते पांढरं झालं, सोडलं तसं पुन्हा गुलाबी झालं. तीनदा दाबून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की बाटलीच्या वासाने ते आलं, हे बघायला किशनराव जागे नव्हते. भिंतीला टेकून त्यांचा मंत्र सुरू झाला होता.

नागाबाईंनी स्वतःच कॅनचं झाकण काढलं आणि पातेलं आणलं. मग समोरच्या दोघी आल्या, मग बाकीच्या. प्रत्येकीने करंगळी निरखली, उरलेली चार फुलं जास्तच निरखली आणि आपापल्या हाताने दूध मापून घेतलं. आपल्या हाताने मापताना माप जरा उतू जातंच. कुणीतरी त्यांच्या अंगावर चादर टाकली. शेवटची दोन घरं मात्र आली नाहीत. ती पिशवीच्या दुधावर गेली ती गेलीच.

दुपारी रिकामे कॅन वाजवत किशनराव घरी आले. अयोध्याबाईंनी आवाजावरूनच ओळखलं आणि खव्याची कढई पालथी घातली. शिल्पाने मोजा ओढून हात बघितला.

"एक फूल गेलं की."

"मावशीला दाखवावं लागलं."

"काय म्हणाल्या?"

"त्यांच्या नातीला शिकायचंय म्हणे. तुला रविवारी ये म्हणाल्या. मी म्हणलं, कुणावर शिकणार, तर म्हणाल्या, तुम्ही येतावच की रोज."

हे सांगेपर्यंत ते खांबाला टेकले होते. शिल्पाने पिवळ्या रंगाची बाटली हलवली, टूथपिक घेतली आणि करंगळी आपल्या गुडघ्यावर ठेवली.

"पप्पा, हलू नका बरं," ती म्हणाली, सवयीने.