शिशाचा झगा

घोडा दवाखान्यात आणणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा लंगडी घोडी टेम्पोत चढवून पाहावी. म्हणून एक्स-रेचं छोटं मशीन गाडीत टाकून मीच जाते. पण ते मशीन बाहेर काढलं की माझ्या जिवाला घोर लागतो. दवाखान्यात जाड भिंत असते, बंद दार असतं, दारावर लाल दिवा असतो. लोकांच्या अंगणात काय असतं? कोंबड्या असतात, आणि "पाहू द्या ना बाई" करत पुढे सरकणारं अर्धं गाव असतं. किरण काही घोड्याच्या पायाशी थांबत नाहीत, पलीकडे जो उभा असेल त्याच्यातूनही जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून कुणाला पटत नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसतो.

त्या दिवशी अकोल्याहून हिवरखेडला गेले होते. झेंडू-शेवंतीचा मळा असलेलं घर, आणि जोडीला वरातीची पांढरी घोडी. वरातीतच घसरली होती. पुढच्या पायाचा सांधा टम्म सुजलेला. हाड मोडलं की नुसतं मुरगळलं, एवढंच पाहायचं होतं.

"उद्या अकोटले वरात हाय, बाई," घरातला म्हातारा सारखा घोकत होता. "नवरदेवाचा बाप मले सोडनार नाई."

"वरात गेली खड्ड्यात! आधी पाय पाहू द्या."

घोडीला पूर्ण गुंगी देता येत नव्हती. पडली असती, आणि हाड मोडलेलं असतं तर मग संपलंच. हलकी सुई दिली. तरी तोंडाशी धरायला कुणीतरी लागणारच, आणि ही बया घरच्या सुनेशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. म्हाताऱ्यानं हात पुढे केला तर तिनं कान पाडून दात दाखवले.

सून बारीक अंगाची, मुकाट. तिला मी शिशाचा एप्रन चढवला. दोरी आखडती धरू नको, लांबून धर, किरणांच्या वाटेत येऊ नको, असं बजावलं. प्लेट मी लांब दांड्याला लावते, हातात कुणाला धरू देत नाही. बाकीच्यांना फाटकाबाहेर हाकललं. जाता जाता एकानं विचारलंच, "इतका जड झगा काहून?"

"यात शिसं आहे. जे दिसत नाही ते यातून आत जात नाही," मी खेकसले.

मग नेहमीचा प्रश्न मोठ्यानं टाकला, "इथं कोणी पोटुशी नाही ना?"

म्हाताऱ्यानं मान वळवली. "नाई नाई, तसं काई नाई. काढा तुमी फोटो."

बटणावर माझं बोट होतं. तेवढ्यात सुनेनं एप्रनची खालची कड दोन्ही हातांनी ओढली आणि हळूच विचारलं, "हा खालपर्यंत पुरते का, बाई?"

माझं बोट उचललं गेलं. स्वतःचाच असा राग आला! मी अमरावतीच्या वकिली घरात वाढलेली. आमच्याकडेसुद्धा चोरओटी होईस्तोवर बाई तोंडातून शब्द काढत नाही, आणि मी सासऱ्यासमोर, फाटकावरच्या गावासमोर दवंडी पिटत होते. ती काय डोंबल सांगणार होती? पण आता उघड थांबवलं तर तेही सांगितल्यासारखंच.

"तुझ्या बांगड्या वाजून राहिल्या," मी म्हटलं. "घोडी बिचकते. दुसरं कोणीतरी या. तू विहिरीपलीकडं जाऊन बस."

म्हातारा तडकला, "बांगड्यायनं काय होते? रोजच्याच तं हायेत!"

"मशीन माझं आहे की तुमचं?"

दारात उभी असलेली सासू तेवढ्यात पायरी उतरली. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि एक शब्द न विचारता सुनेच्या अंगावरचा एप्रन स्वतःवर घेतला. "दे वं तुया दुपट्टा. आन् जाय मांगं." दुपट्टा तिनं स्वतःच्या डोक्याला गुंडाळला. घोडीनं तो हुंगला, फुरफुरली, आणि उभी राहिली बाप्पा! सून विहिरीपलीकडे पोचल्याचं मी स्वतः जाऊन पाहिलं, मगच बटण दाबलं.

हाड शाबूत होतं. मुरगळ होती, पण या मोसमात वरात नाही म्हटल्यावर म्हातारा तणतणत नवरदेवाच्या बापाला फोन लावायला गेला. मी सासूच्या पाठीमागून एप्रनचा पट्टा सोडवायला घेतला.

"बाई," ती पुढं बघतच म्हणाली, "असा झगा इकत भेटते का?"

"कशाला, मावशी?"

"तिच्यासाठी. पोटातच दोन गेले. हे असं मशीन नाई, फोटो नाई, असेच गेले. तिच्या सासऱ्याले अजून सांगतलंच नाई आमी."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. अकोल्याले दाखवलं, अमरावतीले दाखवलं. सारं चांगलंच हाय म्हन्तात."

"मावशी, हा त्यासाठी नसतो. त्याचा काही उपयोग..."

"तुमीच तं म्हनल्या," ती एप्रनवरून हात फिरवत म्हणाली, "जे दिसत नाई ते यातून आत जात नाई."

पट्टा माझ्या हातात होता. तो सोडवायला माझा हात होईना.