पाठवणीची पट्टी

जगातलं कुठलंही काम आडव्या पट्टीत मावतं, असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मी पाहिले आणि ते नेमके माझे साडू निघाले. भिलाईच्या कारखान्यात भट्ट्यांच्या दुरुस्तीचं वेळापत्रक आखण्यात त्यांची हयात गेली. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, याच्या रंगीत पट्ट्या संगणकावर ओढायच्या आणि साहेबांपुढे स्लाइडवर मांडायच्या. ही खोड घरीही सुटली नाही. लोणच्याला पट्टी, कूलरची खस बदलायला पट्टी. दुर्गला दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनाही चार्ट दाखवला. त्यात भूल संपली की दाढ उपटणं सुरू होत होतं. असं केलं तर तुमचा आवाज पार भिलाईच्या पावर हाउस चौकापर्यंत जाईल, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मग एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं आणि गडी पेटला. व्याही नागपूरहून बोलणी करायला येणार, तर त्यांना स्लाइडच दाखवायच्या. माझी मेहुणी डोक्याला हात लावून बसली; सोयरीक मोडते की काय ही तिला धास्ती. साडूंना वेगळीच अडचण. चार्ट स्लाइडवर चिकटवला की अक्षरं मुंगीएवढी व्हायची, मोठा केला की उजवीकडून कापला जायचा. लेक मदतीला आली तर तिला हाकलून द्यायचे. पोरगी जाणार याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

पाहुणे आले, टीव्हीवर स्लाइड झळकल्या. हळद, सीमांतपूजन, पंगती, सगळं रांगेत. व्याह्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सगळं बेस हाय इवाईबुवा, पन आमची सून कोन्या स्लाइडवर येते?"

पाठवणीची पट्टी कडेला कापली गेली होती. आम्ही पोट धरून हसलो. साडू पुटपुटले, चार्ट लांब, स्लाइड आखूड, मावूनच नाई राहिली. लेकीनं लॅपटॉप ओढला, चार्ट जरा दाबला आणि पाठवणी अलगद आत आणली.

"बसली ना बाबा."

साडूंनी चष्मा सारखा करून ती पट्टी वाचली. मग हळूच म्हणाले, "कावून बसवली वं बाई? बाहेर होती तेच बरं होतं."

आमचं हसू तिथंच विरलं. व्याही उठले, त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि साडूंच्या शेजारी येऊन बसले.