सुभेदार भोसल्यांचं प्रेशर

बासष्टच्या लढाईनंतरच्या वर्षी माझं पोस्टिंग बेंगळूरच्या एका मिलिटरी डेंटल सेंटरला झालं. मी हवालदार, डेंटल असिस्टंट. इन्स्पेक्शन ठरलं की आमच्याकडे गर्दी व्हायची. 'युनिट शंभर टक्के डेंटली फिट' असा फलक लावायचा असे. रंगारी आधी यायचा, पेशंट नंतर.

कॅप्टनसाहेबांचा नियम होता: चाळिशीपुढच्या माणसाचं ब्लडप्रेशर मोजल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही. वरचा आकडा एकशे ऐंशीपुढे गेला तर दात राहू द्यायचा, माणूस मेडिकल ऑफिसरकडे पाठवायचा.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, नऊ चाळीसला निपाणीकडचे सुभेदार भोसले आले. गाल सुजलेला. मी दंडाला पट्टा बांधला. दोनशे दहा.

"साहेब, स्वल्प बसा. परत घेतो."

"स्वल्प काय रे? कानडी नको, मराठीत बोल की. जिना चढून आलोय, लिही दीडशे."

दहा मिनिटांनी दोनशे आठ. ते खुर्चीत पुढे झुकले.

"हे कागदावर गेलं तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल. दोन महिन्यांत सुभेदार-मेजर व्हायचंय. पोरीचं लग्न काढलंय."

मी खरा आकडा लिहिला. कॅप्टनसाहेबांनी वाचला. "एक्स्ट्रॅक्शन नाही. रक्त थांबणार नाही. हवालदार, यांना स्वतः एम.आय. रूमला ने. आत्ता."

"येस सर."

एम.आय. रूम म्हणजे मेडिकल ऑफिसरची तपासणीची खोली, मैदानापलीकडे, चारशे पावलांवर. व्हरांड्यात सुभेदार थांबले. "मी कैदी आहे का रे, माझ्यामागे हवालदार चालवायला? जातो माझा मी."

मी सॅल्यूट केला. ते मैदानात उतरले. मी आत आलो आणि अवजारं उकळायला ठेवली. दोनदा खिडकीपाशी गेलो. अकराला एम.आय. रूमला फोन केला.

"भोसले? इकडे कोणी आलं नाही."

कॅप्टनसाहेबांना सांगितलं. त्यांनी युनिटला फोन लावला. युनिट म्हणालं, सुभेदारसाहेब तुमच्याकडेच आहेत.

बारा वीसला युनिटचा ट्रक सुभेदारांना घेऊन आला. बाजारात रस्त्यावर दात काढणाऱ्याकडून त्यांनी दाढ काढून घेतली होती. तोंडाशी धरलेला टॉवेल लाल झाला होता. आम्ही त्यांना ताठ बसवलं, गॉझची घडी दाताखाली दिली.

"साहेब, घट्ट चावा."

त्यांनी चावलं. पट्ट्यावर दोनशे चाळीस. काहीतरी सांगायला गेले, पण जीभ वळेना. उजवा हात मांडीवरून घसरला. बारा पस्तीसला ॲम्ब्युलन्स निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. दहाला इन्स्पेक्शन ठरल्याप्रमाणे झालं. फलक उत्तम रंगवल्याबद्दल शाबासकी मिळाली.

चौकशीत विचारलं, "बरोबर का गेला नाहीस?"

"सर, ते सीनियर होते."

हे उत्तर सर्वांना पटलं. मला पटलं नाही. पुढे नोकरीभर अशा पेशंटला मी हाताला धरून नेलं. एका कर्नलसाहेबांनी शिव्या घातल्या. तरी हात सोडला नाही.

युनिटच्या वॉर मेमोरियलवर सुभेदार भोसल्यांचं नाव नाही. ते गेले त्या दिवशी लढाई नव्हती. वय सेहेचाळीस, नोकरी सव्वीस वर्षं, दोन लढाया, एक दाढ.