दाट पांढऱ्याचा एक हात

मंगळवार पेठेत खाली मडिवाळप्पांचं भुसाराचं दुकान आणि वर माडीवर बिऱ्हाड. लेक लग्न होऊन अक्कलकोटला गेली, तिच्या शाळेतल्या पोस्टर कलरच्या बाटल्या तेवढ्या माळ्यावर राहिल्या. शहात्तरच्या उन्हाळ्यात मडिवाळप्पांच्या बायकोनं, महानंदाबाईंनी, त्या टाकून द्यायला म्हणून खाली काढल्या आणि रंगवायलाच बसल्या. चाळिशी उलटलेली, तोवर हाताला सवय ती दारापुढच्या रांगोळीची.

मनात चित्र एकच होतं. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतली संध्याकाळची मिरवणूक, उंच काठ्यांचे नंदीध्वज आणि ते पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं.

रंग पातळ केला की कागद पापडासारखा वाकडा व्हायचा. घट्ट लावला की त्या उन्हात वाळून खपल्या निघायच्या. डिंक घालून पाहिला, तर चित्र चकाकलं छान, पण गुंडाळताच तडकलं. मग मध घातला तर रंग मऊ राहील असं त्यांच्या मनात आलं, आणि राहिलाही. खुशीत चित्र भिंतीला टेकवून त्या भाजी आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर सासूबाई काशम्मा चित्रासमोर पाट घेऊन बसलेल्या.

"तुजी मिरवणूक चालाय लागली की गं," त्या शांतपणे म्हणाल्या.

मुंग्यांची रांग एकेका बाराबंदीवरून निवांत निघाली होती. दोघी सासवा-सुना पोट धरून हसल्या. त्यानंतर मधाच्या जागी ग्लिसरीन आलं, थंडीत ओठांना लावायच्या बाटलीतलं, थेंबभरच. खपल्या थांबल्या आणि मुंग्याही.

पांढरा मात्र वश होईना. बाराबंद्या आधी रंगवून भोवतीनं अंधार भरायला जावं, तर अंधार बाराबंदीत शिरायचा. एके दुपारी वैतागून त्यांनी अख्ख्या कागदावर गडद निळा फासला. वाळल्यावर त्यावर दाट पांढऱ्याचा एक हात मारला, आणि अंधारातून माणूस बाहेर आला. हरखून त्यांनी तो पुन्हा गिरवला, तर खालचा निळा विरघळून वर आला न् बाराबंदी मळली. मग गिरवणं सोडलं. पांढरा जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं ओढला की कापडाच्या चुण्या आपोआप पडतात, हेही असंच हात चुकता चुकता कळलं.

चित्र पुरं झालं तेव्हा काशम्मांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि मधल्या माणसावर बोट ठेवलं. हा आपला मडिवाळ, म्हणाल्या, मान ओळखू येती.

मडिवाळप्पा तरुणपणी नंदीध्वज पेलायचे. कंबर धरल्यापासून लांबूनच हात जोडायचे. बायकोच्या रंगांना ते पोरीबाळींचा खेळ म्हणत आले होते. आता मात्र चष्मा पुसून चित्र बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो मी व्हय? कंबर सरळ काढलीस की."

"एकदाच हात फिरवायचा असतोय," महानंदाबाई म्हणाल्या. "वाकडी करायला जमलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पांनी चित्राला काच बसवून आणली आणि ते दुकानात गादीच्या वर टांगलं. गिऱ्हाईक आलं की तूर राहिली बाजूला, आधी यातला मी कोणता ते ओळखा. पिठाची धूळ बसेल म्हणून महानंदाबाई वरून कुरकुरायच्या. पण दुपारी काहीतरी निमित्त काढून जिन्यात येऊन उभ्या राहायच्या आणि कोण काय म्हणतंय ते कान देऊन ऐकायच्या.