सातव्या मजल्याचा वेग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी घोडबंदरच्या खाडीत मगरीला दम भरल्याचंही सांगितलंय.

आमच्या सोसायटीत माझी ख्यातीच तशी. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला इतका अडकलो की दाढी छातीपर्यंत आली, असं बोलणारा माणूस. लोक हसतात, चहा पाजतात. विश्वास? तो कोण ठेवणार?

एका दुपारी सेक्रेटरीच्या गाडीची काच फुटली. सीटवर दगड. वरून पडलेला, हे उघड होतं — पण कुठल्या मजल्यावरून? खाली सगळे जमले. सातव्या मजल्यावरच्या नलूमावशीही आल्या. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या, आता एकट्या. खिडकीच्या ग्रिलमध्ये कागद पसरून, कडेला दगड ठेवून बोंबील सुकवायच्या. वासावरून कुरबुर आधीच चालू होती.

"आता हा सांगेल, चंद्रावरून पडला," सेक्रेटरी माझ्याकडे बघत म्हणाला.

मी काही फुगवलं नाही. तेच तर — शांतपणे मोबाइलवर हिशेब मांडला. पडणाऱ्या वस्तूचा वेग कसा वाढत जातो ते समजावलं. तिसऱ्या मजल्यावरून सुटली तर खाली येईपर्यंत ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर, सातव्यावरून त्र्याहत्तर. दोन्ही आकडे बरोबर. मग म्हणालो, ही काच साठच्या खाली फुटतच नाही.

तो साठ मी कुठून आणला? — कुठूनच नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशींनी दगड उचलून उलटसुलट पाहिला. "माजा न्हाय वाटत. पन भावानं मोजलंय, तं आसंल."

दगड माझा होता. तिसऱ्या मजल्यावरचा. एसीवरचं प्लॅस्टिक उडू नये म्हणून ठेवलेला; ते ओढताना ग्रिलच्या फटीतून निसटला, आणि मी — मी पडदा ओढून घेतला.

आयुष्यात एकदाच लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मावशींच्या ग्रिलमध्ये आता काही नसतं. कोळीण, आणि सुके बोंबील विकत आणते.

परवा लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं. हातात ओला पंचा. "भाऊ, ह्यो खिडकीत घातला नि पडला, तं कोनाला लागंल का?"

नाही मावशी, म्हणालो. कापडाला हवा धरते, सावकाश येतं खाली.

एवढं मात्र मी त्यांना खरं सांगितलं.