बाळापूरच्या विहिरीत हरवलेला सिग्नल

सेन्सर पाण्याबाहेर होता तोवर रिसीव्हरचा हिरवा दिवा व्यवस्थित लुकलुकत होता. विहिरीत सोडला, हातभर बुडाला आणि दिवा गेला. बाळापूरजवळच्या त्या शेतातला हा दुसरा सेन्सर. पहिलाही असाच गप्प झाला होता.

अमरावतीची आमची छोटी कंपनी हे सेन्सर बनवते. विहिरीतलं पाणी उतरलं की सेन्सर रेडिओवरून कळवतो आणि मोटर बंद होते. नाहीतर ती कोरडी फिरून जळते. टेस्टिंग माझ्याकडे असतं, ऑफिसातल्या गोड्या पाण्याच्या टाकीत; हे दोन्ही सेन्सर तिथे पास झाले होते.

"मॅडम, हे पाण्याले भेऊन राह्यलं का?" शेताचे मालक विठ्ठलराव म्हणाले. "मोटर जळली तं हरभऱ्याले पाणी कसं देऊ?"

मी बॉसना फोन लावला. "पीस खराब असेल, तिसरा लाव," ते म्हणाले. "हिवरखेडला तर मस्त चाललाय."

दोन्ही पीस खराब? मला पटेना. हिवरखेडची विहीर गोड्या पाण्याची. बाळापूर खारपाणपट्ट्यात. पाण्यात क्षार वाढले की त्यातून वीज सहज वाहते आणि असं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, समोर कधी पाहिलं नव्हतं.

मी एक ड्रम नळाच्या पाण्याने भरून घेतला. त्यात सेन्सर बुडवला. दिवा सुरू. मग विठ्ठलरावांच्या पत्नी सुमनताईंकडे मीठ मागितलं आणि मूठ-मूठ विरघळवत गेले.

"पाण्यात मीठ कावून टाकून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या विहिरीसारखं करतेय, ताई."

दिवा अडखळायला लागला. आणखी एक मूठ टाकली आणि तो विझला. कामात अपयश पाहून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

"म्हणजे यंत्र चांगलं हाय," विठ्ठलराव म्हणाले. "पण पाणी तं आमी बदलू शकत नाही."

"मी अँटेनाची जागा बदलते."

सेन्सर खाली पाण्यात, अँटेना वर विहिरीच्या काठावर, मध्ये एक वायर. बॉसना फोनवर सांगितलं.

"मग वायरलेस कसलं?"

"पाण्याच्या वरचं सगळं वायरलेसच आहे, सर."

"बरं, लाव," ते म्हणाले.

त्या हंगामात विठ्ठलरावांची मोटर वेळेवर बंद होत राहिली. हरभरा चांगला आला. माहितीपत्रकातले 'पूर्णपणे वायरलेस' हे शब्द आम्ही काढले, तरी एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही.

आपल्या टाकीत पास झालेलं यंत्र फक्त आपल्या टाकीत पास झालेलं असतं.